पाठमोरा देश

२५ जून १८८४. माद्रिदमध्ये शिकणारा तेवीस वर्षांचा होसे रिझाल, पुढे फिलिपिन्सचा राष्ट्रनायक ठरलेला, त्या दिवशी ग्रीकच्या स्पर्धेत पहिला आला होता, आणि पोटात मात्र कावळे ओरडत होते. बक्षीस मिळालं, भूक लागली आहे, खायला काही नाही आणि पैसेही नाहीत, अशी नोंद त्याने डायरीत करून ठेवली आहे. संध्याकाळी मात्र साधंसुधं नव्हे, मेजवानीचं जेवण होतं. स्पेनच्या राष्ट्रीय चित्रप्रदर्शनात हुआन लुनाच्या ‘स्पोलियारियम’ला प्रथम श्रेणीचं सुवर्णपदक मिळालं होतं, फेलिक्स रेसुरेक्सिओन इदाल्गोच्या चित्राला रौप्यपदक. दोघेही फिलिपिन्सचे, म्हणजे वसाहतीतले. ‘रेस्तोरांते इंग्लेस’ नावाच्या हॉटेलात फिलिपिनो मंडळी आणि त्यांचे स्पॅनिश स्नेही जमले, आणि रिझाल बोलायला उभा राहिला.

प्रतिभेला देश नसतो, ती उजेडासारखी, हवेसारखी सगळ्यांची असते, असं तो म्हणाला. या चित्रातून आपल्याला जमावाचा गोंगाट, गुलामांच्या हाका आणि अनाथांचे हुंदके ऐकू येतात, असंही म्हणाला. पूर्वेकडचा सुरवंट आता कोष सोडून बाहेर पडतो आहे, या आशयाचं वाक्यही त्यात होतं. शेवटी स्पेन आणि फिलिपिन्स या दोघांच्याही नावाने प्याला उंचावला, पण जायचा तो अर्थ मनिलापर्यंत गेलाच. घरच्यांचं धाबं दणाणलं. पोरगा आता परत येऊ शकत नाही, या धास्तीने आईने अंथरूण धरलं. बाई उगीच घाबरल्या नव्हत्या. साडेबारा वर्षांनी, ३० डिसेंबर १८९६ रोजी, त्याला मनिलात गोळ्या घालण्यात आल्या.

हे सगळं ज्या चित्रापायी झालं त्यात एकही फिलिपिनो माणूस नाही.

‘स्पोलियारियम’ म्हणजे रोमन आखाड्याखालची ती खोली, जिथे मेलेल्या ग्लॅडिएटरांना ओढत आणून त्यांच्या अंगावरची शस्त्रं-चिलखतं उतरवून घेत. कॅनव्हास सव्वाचार मीटर उंच आणि साडेसात मीटरहून लांब. डाव्या बाजूला बघ्यांची गर्दी, मधोमध दोरांनी फरफटत नेली जाणारी प्रेतं, फरशीवर त्यांची ओली रेघ. उजवीकडे अंधार. त्या अंधाराच्या काठाशी एक बाई जमिनीवर कोसळल्यासारखी बसलेली, उघडी पाठ आपल्याकडे. नारळ नाही, भातशेती नाही, चर्च नाही. नाव लॅटिन, चित्र काढलं रोममध्ये, पाठवलं माद्रिदला, आणि विकत घेतलं बार्सिलोनाच्या प्रांतिक सरकारने, वीस हजार पेसेतांना. आणि फिलिपिन्सच्या शाळेत कुणाही पोराला विचारा, देशाचं चित्र म्हणून ते याच चित्राचं नाव सांगेल.

मनिलात मी काही काळ कामानिमित्त होते. हे चित्र आता तिथल्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे आणि तिथे तिकीट नाही, त्यामुळे रिकामा शनिवार मिळाला की पाय तिकडे वळायचे. शाळेच्या सहली यायच्या, गणवेशातली मुलं चित्रासमोर दाटीवाटीने उभी राहून फोटो काढायची. एका सहकाऱ्याने सांगितलं की शाळेत असताना या चित्राचा अर्थ त्याला पाठच करावा लागला होता: ग्लॅडिएटर म्हणजे आम्ही, रोमन म्हणजे स्पेन. मला ही पाठांतराची सोय जरा खटकते. लुनाच्या मनात हे नक्की किती होतं, यावर मी काही पैज लावणार नाही. इलोकोस प्रांतातल्या बादोक गावी १८५७ मध्ये जन्मलेला हा मुलगा आधी जहाजावरचा अधिकारी व्हायला शिकला, आशियातली बंदरं हिंडला, मधल्या काळात मनिलाच्या चित्रशाळेत हात गिरवला आणि १८७७ साली व्हायोलिन वाजवणाऱ्या थोरल्या भावाबरोबर स्पेनला गेला. तिथल्या अकादमीत त्याचं मन फारसं रमलं नाही. आलेहो व्हेरा या चित्रकाराबरोबर तो रोमला गेला आणि तिथे पडक्या आखाड्यांत आणि जुन्या भित्तिचित्रांत रमला. त्याला पदक हवं होतं. त्या काळी पदक मिळायचं ते ऐतिहासिक विषयाच्या अवाढव्य चित्राला, आणि इतिहास म्हटला की रोम किंवा स्पेनचे राजेराण्या. तीन वर्षं आधी त्याने मरणाऱ्या क्लिओपात्राचं चित्र पाठवून दुसऱ्या श्रेणीचं पदक मिळवलेलं होतंच. इदाल्गोचं १८८४ चं चित्रही रोमनच: टवाळ पुरुषांच्या घोळक्यापुढे उघड्या उभ्या केलेल्या ख्रिस्ती कुमारिका.

म्हणजे विषय मालकाच्या पसंतीचा, मापं मालकाची, परीक्षकही मालकाचेच. पण याच चौकटीत एक सोय दडलेली होती. फिलिपिन्समधल्या धर्मगुरूंच्या जमिनी, तिथली फटक्यांची शिक्षा, हे माद्रिदच्या भिंतीवर कोण टांगू देणार? रोमच्या गुलामांना फरफटत नेलेलं मात्र चालतं, त्याला कला म्हणतात. लुनाने दार किलकिलं केलं, जेवणाच्या टेबलावर रिझालने आणि ग्रासियानो लोपेस हायेना या दुसऱ्या फिलिपिनो वक्त्याने ते सताड उघडलं. मला वाटतं ‘स्पोलियारियम’ खऱ्या अर्थाने फिलिपिनो झालं ते त्या रात्री, भाषणांत. चित्रकाराचं श्रेय याने उणं होत नाही. उलट इतकं मोठं रिकामं घर बांधून ठेवायला वेगळीच छाती लागते.

त्या उजव्या कोपऱ्यातल्या बाईने मात्र मला बराच काळ सोडलं नाही, आणि तिच्यामुळेच लुनाची पुढची चित्रं मी वेगळ्या नजरेने पाहायला लागले.

१८८६ चं ‘रक्तकरार’ घ्या. मनिलाच्या नगरपालिकेने लुनाला शिष्यवृत्ती दिली होती, तिच्या बदल्यात त्याने हे चित्र पाठवलं. ते आज राष्ट्राध्यक्षांच्या मालाकान्यांग प्रासादात आहे. प्रसंग १५६५ चा, बोहोल बेटावरचा. लेगास्पी हा स्पॅनिश सेनानी आणि सिकातुना हा तिथला दातू, म्हणजे सरदार, दोघे हाताचं रक्त काढून मद्यात मिसळतात आणि पिऊन भाऊ होतात. लेगास्पीचा चेहरा पूर्ण आपल्यासमोर, मागे चिलखतातले शिपाई आणि पाद्री. सिकातुना आपल्याकडे पाठ करून बसलेला. सिकातुनासाठी लुनापुढे बसला होता खुद्द रिझाल, आणि लेगास्पीसाठी लुनाचा होणारा मेहुणा, त्रिनिदाद पार्दो दे तावेरा.

त्याच सुमाराचं ‘स्पेन आणि फिलिपिन्स’. जिन्याच्या पायऱ्यांवर दोन स्त्रिया. उंच, गोरी स्पेन बुटक्या, सावळ्या फिलिपिन्सच्या कमरेभोवती हात टाकून तिला वर नेते आहे, दुसऱ्या हाताने दूरवरचा उजेड दाखवते आहे. दोघीही पाठमोऱ्या. याच्या एकाहून जास्त आवृत्त्या लुनाने केल्या, त्यातली एक सिंगापूरच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. आजच्या डोळ्यांना हे चित्र लाजिरवाणं वाटतं. पण तेव्हाच्या सुशिक्षित फिलिपिनोंची मागणी स्वातंत्र्याची नव्हतीच. त्यांना माद्रिदच्या संसदेत आपले प्रतिनिधी हवे होते, धर्मगुरूंचा जाच कमी व्हायला हवा होता, कायद्यापुढे बरोबरी हवी होती. बाईसाहेब, हात धरून न्या पण न्या, इतकंच. आपल्याकडेही त्याच दशकातली काँग्रेसची पहिली भाषणं काढून पाहिली तर राणीच्या जयजयकाराने कान किटतात.

सांगायची गोष्ट ही, की रोमन बाई, सिकातुना, सावळी फिलिपिन्स, जिथे लुनाने आपला माणूस आणला किंवा सुचवला तिथे त्याने त्याचा चेहरा दाखवला नाही. तो मुद्दाम असं करत होता असं मी म्हणत नाही. पाठमोरी आकृती ही चित्रकाराची नेहमीची युक्ती आहे, बघणाऱ्याला चित्रात ओढण्याची. पण तीन-तीनदा?

यानंतरचं लिहायला जड जातं. २२ सप्टेंबर १८९२ रोजी पॅरिसमध्ये लुनाने संशयाच्या भरात बायकोला, पास पार्दो दे तावेराला, आणि सासूला गोळ्या घातल्या. फेब्रुवारी १८९३ मध्ये न्यायालयाने त्याला सोडून दिलं. भावनेच्या भरात घडलेला गुन्हा, नवऱ्याचा दुखावलेला मान, ही तेव्हाच्या न्यायाची भाषा. ज्या त्रिनिदादला त्याने लेगास्पी म्हणून बसवलं होतं त्याचीच बहीण आणि आई त्याने मारली. रस्ते, शाळा, टपाल तिकिटं यांवरचा लुना वेगळा आणि हा वेगळा, असं करून भागवलं जातं. चित्रांभोवती पुढे भुताखेताच्या गोष्टीही रचल्या गेल्या: अमुक तसबीर पासची आहे, जो ती बाळगतो त्याचं वाईट होतं. मला या गोष्टींचा राग येतो. मेलेल्या बाईलाच शाप देणारी करून टाकायचं आणि मारणाऱ्याला राष्ट्राचा चित्रकार. त्याची चित्रं मोठी आहेत, ती मी पाहतच राहणार. पण राष्ट्रपुरुषांच्या यादीत नाव घालायची घाई कुठलाही देश करतो तेव्हा घरातल्या बायकांची नावं आधी गळतात, हे तिथेही खरं आहे.

आता जरा मागे जाऊ, कारण चेहरे दाखवणारी चित्रं लुनाच्या कितीतरी आधीपासून होती.

१७३४ साली मुरिल्यो वेलार्दे या जेझुइट पाद्र्याने फिलिपिन्सचा मोठा नकाशा तयार केला. त्याच्या दोन्ही कडांना बेटांवरच्या माणसांची छोटी चित्रं आहेत: चिनी व्यापारी, ‘काफ्रे’ म्हणजे आफ्रिकन माणसं, हिंदी महासागरातले लास्कर खलाशी, कोंबड्या झुंजवणारे गावकरी. चित्रं फ्रान्सिस्को सुआरेसची, तांब्यावरचं कोरीवकाम निकोलास दे ला क्रुस बागाय याचं. दोघांनीही आपल्या नावापुढे ‘इंदिओ तागालो’ असं कोरून ठेवलं. स्पॅनिश लोक बेटांवरच्या मूळ रहिवाशांना इंदिओ म्हणत, आणि त्यात कौतुक अजिबात नसे; तागालो ही त्यांतलीच एक जमात. तोवर चर्चसाठी पिढ्यान्‌पिढ्या संत रंगवणाऱ्या हातांना नाव लावायची मुभाच नव्हती. इथे दोघांनी नाव लावलं, वर जातही लावली. कुठल्याही घोषणेपेक्षा मला ती सही जास्त आवडते.

मग १८२१. दामियान दोमिंगो हा चिनी-फिलिपिनो मिश्र वंशाचा चित्रकार मनिलाच्या तोंदो भागात, आपल्या राहत्या घरी चित्रशाळा काढतो. देशातली ती पहिली. त्याची ख्याती झाली ती वेषभूषांच्या चित्रसंग्रहांमुळे. राफाएल दानिएल बाबूम नावाच्या व्यापाऱ्यासाठी त्याने केलेल्या संग्रहात मनिलाचे तऱ्हेतऱ्हेचे लोक ओळीने उभे आहेत: दूधवाली, शिपाई, गावचा मुखिया, सणाच्या कपड्यातली मेस्तिसा, म्हणजे मिश्र वंशाची बाई. प्रत्येक जण सरळ आपल्याकडे तोंड करून, पायाखाली जमिनीची एक पट्टी, मागे कोरा कागद. कपड्याची वीण इतकी बारीक, की अननसाच्या धाग्याच्या झिरझिरीत कापडातून आतला सदरा दिसतो. ही चित्रं परदेशी व्यापारी आणि घरी परतणारे अधिकारी आठवण म्हणून घेऊन जात. पुढे चीनमधल्या कँटनच्या दुकानांतही त्यांच्या नकला निघाल्या. इथल्या कंपनी सरकारच्या साहेबांनी धोबी, भिस्ती, पालखीवाले काढून घेतले, तोच हा व्यवहार.

होसे ओनोरातो लोसानोने याच धंद्यातून गंमत काढली. गिऱ्हाइकाचं नाव घ्यायचं आणि त्याचं प्रत्येक अक्षर माणसांच्या, जनावरांच्या, झाडांच्या आकृतींतून जुळवायचं. कोणी वाकून कपडे धुतंय, त्याचा झाला एक गोलावा. दोघे कावड घेऊन चाललेत, त्याची झाली आडवी रेघ. मागे पासिग नदी, बाजार, चर्च. शंभर गरीब माणसं आपापली कामं करताहेत आणि त्यांच्या अंगांनी मिळून एका साहेबाचं नाव लिहिलं जातंय. वसाहतीचं याहून नेमकं चित्र कुणी ठरवूनही काढलं नसतं. आणि लोसानो तर खुशीत, रंगीबेरंगी, विनोदी अंगाने काढत होता.

चेहरे दिसतात ती चित्रं परक्यांच्या पेटीत गेली. ज्याला पुढे देशाने आपलं म्हटलं, त्यात चेहराच नाही.

याला एक मोठा अपवाद उत्तरेला विगानमध्ये आहे, आणि मनिलाला जाणाऱ्याने वाट वाकडी करून तो पाहावा. इलोकोसमध्ये उसापासून ‘बासी’ नावाची दारू घरोघर गाळत. सरकारने खाजगी गाळपावर बंदी आणली आणि १८०७ च्या सप्टेंबरात बंड पेटलं. दोन आठवड्यांत ते चिरडलं गेलं. १८२१ साली एस्तेबान व्हियानुएवा या स्थानिक चित्रकाराने त्याची चौदा चित्रं काढली. येशूच्या वधस्तंभाच्या वाटेवरचे टप्पे चर्चमध्ये चौदाच असतात, हा योगायोग असेल किंवा नसेल. चित्रं विजेत्यांच्या बाजूने सांगतात: सैन्य निघालं, नदीवर गाठ पडली, बंडखोर हरले, शिक्षा झाल्या. वर आकाशात त्या वर्षीचा धूमकेतू. व्हियानुएवाला शरीररचना येत नाही, अंतराचा हिशेब येत नाही, माणसं मुंग्यांसारखी ओळीने चालतात. पण फाशीची आणि शिरच्छेदाची चित्रं बघताना रंगवणारा नक्की कोणत्या बाजूला होता हे सांगणं कठीण होतं. त्याने फास लावलेल्या प्रत्येकाला वेगळं काढलं आहे. मला लुनाच्या सुवर्णपदकाइतकंच हे महत्त्वाचं वाटतं.

लुना १८९४ मध्ये मायदेशी परतला. १८९६ मध्ये क्रांती उसळली तेव्हा भावांसकट पकडला गेला, पुढच्या वर्षी सुटला, नव्या प्रजासत्ताकाचा प्रतिनिधी म्हणून पॅरिसला गेला. तोवर स्पेनने बेटं अमेरिकेला दोन कोटी डॉलरला देऊन टाकली होती. धाकटा भाऊ आन्तोनियो क्रांतिसेनेचा सेनापती. त्याचा खून जून १८९९ मध्ये आपल्याच माणसांनी केला. त्याच डिसेंबरात लुना हाँगकाँगमध्ये हृदयविकाराने गेला, बेचाळिसाव्या वर्षी.

इदाल्गो पॅरिसमध्ये सुखाने जगला असं पुस्तकं सांगतात, पण स्पेनचं राज्य गेल्यावर त्याच्या हातून जे निघालं ते त्याच्या सगळ्या हळुवार समुद्रचित्रांपेक्षा वेगळं आहे. ‘गव्हर्नर बुस्तामान्तेचा खून’. १७१९ मध्ये चर्चशी भांडण घेतलेल्या गव्हर्नरला पाद्र्यांचा जमाव जिन्यावरून खाली ओढतो आहे, झग्यांचा पांढरा-काळा लोंढा, वर फडफडणारे ध्वज. इतिहास म्हणून त्यावर वाद आहेत. पण धर्मगुरूंबद्दलची जी चीड माद्रिदमध्ये रोमच्या आडून बोलावी लागली, ती इथे झगे घालून समोर आली. संग्रहालयात हे चित्र ‘स्पोलियारियम’च्या अगदी समोरच्या भिंतीवर आहे, त्यामुळे मधल्या बाकावर बसलं की मान दोन्हीकडे वळत राहते.

अमेरिकनांचं राज्य वेगळ्या ढंगाचं. १९०४ साली सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात फिलिपिनो चित्रकारांची तैलचित्रं लागली, आणि त्याच प्रदर्शनात हजाराहून जास्त जिवंत फिलिपिनो माणसं खेडी बांधून ‘दाखवायला’ ठेवली होती. डोंगराळ भागातले इगोरोत लोक पाहायला सर्वांत जास्त गर्दी. दोमिंगोच्या कोऱ्या कागदावरचे लोक आता खरेच कुंपणाआड उभे.

१९२८ मध्ये अमेरिकेत शिकून आलेल्या व्हिक्टोरियो एदादेसने मनिलात प्रदर्शन भरवलं. ‘बांधकाम करणारे’ हे त्यातलं मुख्य चित्र: चिखलाच्या रंगाची, ओबडधोबड, दगडांशी झटणारी अंगं. एकही चित्र विकलं गेलं नाही. त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या तरुणांतल्या गालो ओकाम्पोने १९३८ मध्ये मेरीला सावळी फिलिपिनो आई करून रंगवलं. त्याच काळात आपल्याकडे गोव्याचे आंजेलो दा फोन्सेका मेरीला साडी नेसवत होते आणि गावच्या कट्टर ख्रिस्ती लोकांचा रोष ओढवून पुण्याच्या आश्रमात राहत होते. दोघांची गाठ कधी पडली असती तर बोलायला विषय कमी पडला नसता.

आणि या सगळ्यांवर मात करून घराघरात पोचला तो फर्नांदो अमोर्सोलो. भाताची लावणी, आंबे वेचणाऱ्या मुली, नदीवर धुणं, पाठीमागून येणारं सोनेरी ऊन. १९२२ च्या त्याच्या ‘भातलावणी’च्या प्रती पर्यटनाच्या पत्रकांवर आणि कॅलेंडरांवर छापल्या गेल्या. शेतमजुरांची देणी, जमीनदारांचा जाच, याचा त्या उन्हात मागमूस नाही, आणि ती चित्रं घेणारे बहुतेक अमेरिकन अधिकारी आणि प्रवासीच. एदादेसच्या बाजूचे लोक त्याला गोडबोल्या म्हणत असतील तर मी त्यांच्याशी भांडणार नाही. तरी त्या मुली हसतात तेव्हा पाहणाऱ्याचा चेहरा सैल पडतो, हेही खरं. निदान त्या पाठमोऱ्या नाहीत.

पण अमोर्सोलोचं सर्वांत जास्त पाहिलं गेलेलं चित्र भाताचं नाहीच. ऐन उमेदीत त्याने मनिलाच्या एका दारूभट्टीसाठी जिनच्या बाटलीवरचं लेबल काढलं: तलवार उगारलेला देवदूत सान मिगेल आणि त्याच्या पायाखाली सैतान. भट्टी एनरिके सोबेल या धनिकाच्या कुटुंबाची. लेबल त्याला इतकं पसंत पडलं की त्याने अमोर्सोलोला स्वखर्चाने माद्रिदला शिकायला पाठवलं. आजही कुठल्याही कोपऱ्यावरच्या ‘सारी-सारी’ दुकानात ती बाटली मिळते, चारचौघांत ‘मार्का देमोन्यो’, म्हणजे सैतान छाप, म्हणून मागतात. माझ्या सहकाऱ्यांनी मला ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा चित्रकाराचं नाव टेबलावर कुणालाच माहीत नव्हतं. देवदूत गोरा आहे, सैतान काळा. बाटली रिकामी झाली तरी त्यावर कुणी भाषण केलं नाही.